पत्रा मी लावला नव्हता

आमच्या गाडीचं इंजिन वाचलं त्याचं श्रेय मी घेतलं, अन् ते माझं नव्हतं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. नाही तं पुढं सांगता सांगता मी हे गाळून टाकीन अन् बाकीचं सगळं रंगवून सांगीन. मी मले ओळखतो.

बाबा डॉक्टर. राजापेठेत दवाखाना, अन् हप्त्यातून तीन दिवस खेड्यांवर जाणं. गाडी काळी, जुनी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दवाखाना जरा चालाले लागल्यावर बाबानं पहिली मोठी वस्तू घेतली ती हीच. तिचं मागचं डावं दार दोरीनं बांधलेलं राहे. धूर मारे. वळणावर हॉर्न आपोआप वाजे, मंग गल्लीतली पोट्टी ओरडत, डॉक्टर आले म्हणून. पण ती जाई. चिखलात, नाल्यात, काळ्या मातीच्या रस्त्यानं, कुठंही जाई.

त्या वर्षी चैत्रापासून ती बंद पडाले लागली. सकाळी दहापर्यंत झकास. बारा वाजून ऊन डोक्यावर आलं की दोन झटके द्यायची अन् गप. अर्धा-पाऊण तास उभी ठेवली की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. एकदा दर्यापूरच्या रस्त्यावर बाबा एका अडलेल्या बाईकडं चालले होते, अन् गाडी अशी बसली की शेवटी बाबा बॅग घेऊन एका बैलबंडीत बसून गेले. बाई अन् लेकरू दोघं वाचले. पण बाबा त्या रात्री जेवले नाहीत नीट. आईले म्हणाले, अर्धा तास आणखी उशीर झाला असता तं मी कोणत्या तोंडानं परत आलो असतो.

राजापेठेतल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडून, धूर पाहून, एका मिनिटात सांगून टाकलं की रिंगा गेल्या, बोअर गेलं, इंजिन खोला लागते. सामान मुंबईहून येईन तवा येईन. तोपर्यंत गाडी ठोकळ्यावर उभी. त्याचं म्हणणं, हिच्यावर जीव लावण्यापरीस काढून टाका. नवीन गाडी तं नंबर लावून वर्षानुवर्षं मिळत नव्हती. मंग बाबाच्या ओळखीचे अकोल्याचे एक जिनिंगवाले निघाले. त्यायच्याकडं दोन गाड्या होत्या, त्यातली चार वर्षं वापरलेली ते द्याले तयार होते, आमची बदल्यात घेऊन. त्या गाडीसोबत तिचा ड्रायव्हरही येणार होता. बारा वर्षं नोकरीत असलेला माणूस, त्याले कुठं काढून टाकता, अशी त्यायची अट होती.

अन् इथं माझी गोष्ट येते. कारण गाडी तवा मी चालवत होतो.

इंटरले नापास होऊन मले वर्ष झालं होतं. आमचा आधीचा ड्रायव्हर सरकारी बसवर लागला, म्हणून बाबानं मले स्टिअरिंगवर बसवलं. बसवलं म्हणजे कौतुकानं नाही. दुसरं काही येत नाही तं हे तरी कर, असं. पण मले ते लय आवडाले लागलं होतं. खेड्यात लोक मलेही राम राम करत. अन् घरात ठरून गेलं होतं की अकोल्याची गाडी आली, तिचा ड्रायव्हर आला, की मी दर्यापूरले काकाकडं जायचं, वावरात. काकाचा स्वभाव सगळ्या खानदानाले माहीत. गाडी राहिली तं मी अमरावतीत, गाडी गेली तं मी काकाच्या हाताखाली. मी रोज सकाळी गाडी पुसताना तिले मनातल्या मनात विनवण्या करत होतो की माय, बारा वाजल्यानंतरही चाल.

सौदा करायच्या दिवशी आम्ही तिघं निघालो. बाबा, मी अन् आत्या. आत्या महिनाभर आमच्याकडं होती, तिले बार्शीटाकळीले सोडायचं होतं. सकाळी लवकर निघालो म्हणून अकोल्यापर्यंत गाडीनं काही त्रास देला नाही. बाबा जिनिंगवाल्यांच्या बंगल्यावर उतरले. मी आत्याले सोडून यायचं अन् मंग दुपारी सगळं ठरवायचं. आत्या उतरताना म्हणाली, गाडीले हात लावून नमस्कार करून घे रे, आता काही दिसत नाही ही. मी तिच्यावरच चिडलो.

परत येताना व्हायचं तेच झालं. अकोला पाच-सहा मैल राहिलं असन. दोन झटके, अन् गप. मी घाईघाईनं गाडीले टांगलेल्या छागलीतलं सगळं पाणी रेडिएटरमधी ओतून टाकलं, प्याले एक घोट न ठेवता. हँडल मारलं. वीस वेळा मारलं. शर्ट पाठीले चिकटला, जीभ टाळूले. रस्त्याच्या कडेले पंधरा-वीस घरं होती, एक कडुलिंब, अन् एका घरावर पंचरंगी झेंडा. मले समजलं ही कोणती वस्ती आहे. पाच-सहा वर्षांआधी बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली.

लिंबाखाली बाजेवर एक माणूस बसला होता. बाबाच्या वयाचा. मी तिथूनच हात केला अन् ओरडलो, ए, इकडं ये जरा, धक्का दे.

आता लिहितानाही कान गरम होऊन राहिले. बाबाच्या वयाच्या माणसाले मी 'ए' म्हणलो. वस्ती दुसरी असती तं 'काका' म्हणलो असतो.

ते आले. सावकाश आले, चपला घालून, धोतर नाही, खाकी पँट. धक्का देलाच नाही.

"धक्क्यानं काय होते, बापू? पाहू तं द्या आधी," म्हणाले.

मंग त्यायनं विचाराले सुरुवात केली. सकाळी कधी बंद पडते का? थंड झाली की आपोआप चालू होते का? आभाळ आलं असलं तरी बंद पडते का? ते मले 'तुमी' म्हणत होते अन् मी त्यायले 'तू'. आभाळ असताना एकदाही बंद पडली नाही, हे माझ्या ध्यानातच नव्हतं आलं, त्यायनं विचारलं तवा आलं. ते वाकले, इंजिनाच्या बाजूले जो पेट्रोलचा छोटा पंप असतो, त्याच्या खालच्या काचेच्या वाटीकडं बोट केलं.

"हे पाहा. बुडबुडे. पेट्रोल उकळून राहिलं. वाफ झाल्यावर इंजिनाले काय मिळन?"

मी पाहिलं. खरंच, चहासारखं उकळत होतं. शेजारूनच धुराड्याचा पाइप जातो, त्याचा सगळा ताव त्या पंपावर.

मी म्हणलो, पण मिस्त्री तं म्हणते रिंगा गेल्या, धूर मारते.

"धूर मारते वयामानानं. धूर वेगळा अन् बंद पडणं वेगळं. इंजिन चांगलं आहे अजून."

हे वाक्य ऐकून माझ्या आंगात काय झालं हे मी सांगू शकत नाही. मी त्यायच्या पाया पडलो असतो. पडलो नाही, ते वेगळं.

ते दुसऱ्या महायुद्धात मोटारींच्या पलटणीत होते. तिकडं वाळवंटात गाड्या अशाच बंद पडत, म्हणाले. आता सडकेवर रोडरोलर चालवतात. त्यायनं घरातून बादलीभर पाणी आणलं, फडकं भिजवलं, पंपावर गुंडाळलं, अन् पाच मिनिटांनी दुसऱ्याच हँडलले गाडी चालू. बादलीतल्या पाण्यानं रेडिएटरही काठोकाठ भरून देला. मी निघालोच होतो. पण ते म्हणाले, थांबा, फडकं तुमी कुठवर ओलं करसान? अन् घरात जाऊन गोड्या तेलाचा रिकामा डबा आणला, कात्रीनं कापला, हातभर पत्रा काढला, त्याच्या चारी कडा दगडावर ठोकून दुमडल्या, कोणाचा हात कापू नये म्हणून. पाइप अन् पंपाच्या मधी तो तारेनं असा बसवला की जणू गाडीसोबतच आला होता. आता पाइपाचा ताव पत्रा घेईन, पंप थंड राहीन, असं समजावून सांगतलं. मी बाजूले उभा, सारखा बोलत होतो, असं का, तसं का, अन् ते न चिडता सांगत होते.

तेवढ्यात एक म्हातारी बाई आली. त्यायची आई असन. लुगड्याचा पदर डोक्यावर, हातात घासून लखलखीत केलेला पितळी गडवा, त्यावर झाकण म्हणून वाटी. तिनं तो माझ्यासमोर धरला.  गडव्याच्या बाहेर थेंब जमले होते, एवढं थंड पाणी.

मले किती तहान लागली होती हे मी वर लिहिलंच आहे.

घरी आम्हाले कोणी असं शिकवलं नव्हतं की यांच्या हातचं पिऊ नका. सांगाची गरजच नव्हती. आई जसं भांडं वेगळं ठेवे, आजी जसं दुरून वाढे, तेवढं पुरे होतं. कॉलेजात मी वादविवादात भाग घ्यायचो, अन् समतेच्या बाजूनं बोलायचो. एकदा बक्षीसही मिळालं होतं. तो मी तिथं उभा होतो अन् माझा हात पुढं जाईना. नाही म्हणायचीही हिंमत नव्हती. मंग मी काय केलं, गडवा घेतला, हसलो, अन् म्हणलो, "हिले जास्त तहान लागली," अन् रेडिएटरचं झाकण उघडून त्यात ओतलं.

रेडिएटर काठोकाठ भरलेला होता. बादली तिथंच बाजूले होती, अर्धी भरलेली. गडव्यातलं सगळं पाणी वरून वाहून बंपरवर, तिथून धुळीत. एक थेंब आत गेला नाही.

बाई म्हणाली, "रांजणातलं होतं ते. प्याचं."

एवढंच. रागानंही नाही. मी रिकामा गडवा तिच्या हातात देला. ते तारेची गाठ मारत होते. ते थांबले नाहीत, वर पाहिलंही नाही, फक्त गाठ आणखी एकदा पिळली. मी नाव विचारलं नाही. गाडीत बसलो अन् निघालो, अन् अकोला येईपर्यंत घसा कोरडा, अन् तरी मनात काय, तं इंजिन वाचलं, इंजिन वाचलं.

बंगल्यावर सौदा जवळपास झालाच होता. ती दुसरी गाडी धुऊन पुसून अंगणात उभी, ड्रायव्हर टोपी घालून बाजूले. बाबा व्हरांड्यात बसले होते. मी उतरताउतरताच सांगाले लागलो की इंजिन चांगलं आहे, पेट्रोल उकळते, पंप तापतो, पत्रा लावला, आता बंद पडत नाही. जिनिंगवाले हसले. डॉक्टरसाहेब, पोरगा गाडी सोडाले तयार नाही, म्हणाले. बाबानं ऐकून घेतलं, मंग त्यायच्याच मिस्त्रीले बोलावलं. मिस्त्रीनं पत्रा काढून गाडी उन्हात चालू ठेवली. वीस मिनिटांत बंद पडली. काचेच्या वाटीत बुडबुडे. मंग पंप थंड करून पत्रा बसवला, पुन्हा उन्हात चालू ठेवली. अर्धा तास झाला, तास झाला, आम्ही चहा पेलो, गाडी आपली धूर मारत चालूच. मिस्त्री म्हणाला, बात तं सही आहे. त्यानं पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवलं अन् म्हणाला, हात चांगला आहे कोणाचा तरी.

बाबानं माझ्याकडं पाहिलं. "कोणं सांगतलं तुले हे?"

"कोणी नाही. मीच पाहिलं."

हे तोंडातून कसं निघालं? मी लय वेळा स्वतःले समजावलं आहे. की जिनिंगवाले समोर होते, त्या वस्तीचं नाव घेतलं असतं तं ते म्हणाले असते, आता रस्त्यावरचे लोक इंजिन पाहाले लागले काय. की मंग बाबानं विचारलं असतं, किती वेळ थांबला, काय खाल्लं-पेलं, अन् गडव्यापर्यंत गोष्ट गेली असती. हे सगळं खरं आहे. पण त्याच्याहून खरं हे, की बाबा माझ्याकडं जसे पाहत होते तसे निकाल लागल्यापासून पाहिले नव्हते. मले ते आणखी थोडा वेळ पाहिजे होतं.

सौदा मोडला. त्या गाडीचा ड्रायव्हर जिथं होता तिथंच राहिला. बाबा येताना पुढच्या सीटवर माझ्या बाजूले बसले, नेहमी मागं बसत.

मंग जे सुरू झालं ते. दवाखान्यात नाडी पाहतापाहता बाबा पेशंटले सांगत, माह्या पोट्ट्यानं इंजिन दुरुस्त केलं, दोन मिस्त्री हरले. आई शेजारणीले सांगे. राजापेठेतल्या मिस्त्रीले तं बाबानं मुद्दाम बोलावून दाखवलं, अन् त्यानं पत्र्याच्या दुमडलेल्या कडा पाहून मले विचारलं की हे ठोकलं कशावर? मी म्हणलो, दगडावर. ते तरी खरं होतं. बाबानं काकाले पत्र लिहिलं की पोराले पाठवत नाही, त्याले यंत्रातलं समजते, पुन्हा परीक्षेले बसवतो. मी ते पत्र स्वतः पेटीत टाकलं. प्रत्येक वेळी कोणी वाहवा केली की मी आणखी थोडं जोडून सांगे. पंप कसा ओळखला, तार कशी पिळली. त्यायनं जे मले समजावलं होतं तेच, शब्दाले शब्द, फक्त माझ्या तोंडून.

वीसेक दिवसांनी, मृगाच्या आधी, आत्याले परत आणाचं होतं. तिच्या घरात कोणाचं तरी लग्न आमच्याकडून व्हायचं होतं. बाबा म्हणाले, मीही येतो. मी म्हणलो, तुमी कशाले, ऊन आहे. ते म्हणाले, आता काय फिकीर, गाडी तुझ्या हातची आहे.

अकोला सुटल्यावर मी गाडी पळवली. ती वस्ती डोळ्यांसमोरून झटकन निघून जावी एवढंच मनात. पण वस्तीच्या अलीकडंच रस्ता अडलेला. पावसाआधी खडी दाबणं चाललं होतं. रोडरोलर आडवा, अन् त्याच्यावर ते.

त्यायनं गाडी ओळखली. रोलर थांबवून उतरले, हात पुसत आले, खिडकीशी वाकले. माझ्याकडं पाहून म्हणाले, "चालून राहिली ना, बापू?"

मी मान हलवली. बाबा कौतुकाच्या भरात होते. त्यायले वाटलं, माणूस गाडीच्या जुनेपणाबद्दल विचारतो. ते पलीकडून वाकून सांगाले लागले की हिले तं काढून टाकणार होतो, पण पोरानं बिमारी हुडकली, पत्रा कापून लावला, तवापासून एकदा बंद पडली नाही. बाबानं हेही सांगतलं की पेट्रोल उकळते हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

ते ऐकत होते. ऐकून झाल्यावर माझ्याकडं पाहिलं नाही. बाबाकडंच पाहून म्हणाले, "हाव? चांगलं केलं पोरानं. तार एकदा पाहून घ्या म्हणा त्याले, खडीच्या रस्त्यानं ढिली होते."

अन् जाऊन रोलर बाजूले घेतला. आम्हाले रस्ता करून देला.

बाबा हुशार माणूस आहे. रोगी दारातून आत येताना पाहूनच अर्धं ओळखणारा. तारेबद्दल आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.  मैलभरानं म्हणाले, "त्यानं लावला पत्रा?"

"हो."

"बिमारी?"

"तीबी त्यायनंच सांगतली."

बाबानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अन् मी त्यालेच सांगत बसलो," म्हणाले. त्यायचा आवाज असा झाला होता की मले वाटलं, मारलं असतं तं बरं. मी म्हणलो, परत जाऊ का? ते म्हणाले, काय तोंड घेऊन जाशीन?

मंग थोड्या वेळानं, समोर रस्त्याकडं पाहतच, त्यायनं विचारलं, "किती वेळ होता तिथं?"

म्हणलो, तास-दीड तास.

"पाणी पेला का त्याच्या घरचं?"

मी गाडी चालवत होतो म्हणून बरं, तोंड फिरवा नाही लागलं. मी मनात हिशोब केला. बाबा डॉक्टर, सगळ्या वस्त्यांवर जातात, सगळ्यांच्या आंगाले हात लावतात. त्यायले 'हो' ऐकाचं असन. एवढं चोरल्यावर निदान एक गोष्ट तरी मी चांगली केली असं त्यायले वाटन. मी म्हणलो, "हो, पेलो."

पुन्हा खोटं. पत्रा त्यायचा होता तो मी माझा म्हणून सांगतला, अन् जे पाणी धुळीत सांडलं ते मी पेलो म्हणून सांगतलं.

 बार्शीटाकळीची घरं दिसाले लागली तवा बाबा हळूच म्हणाले, "पाण्याचं आईजवळ बोलू नको."

मी 'बरं' म्हणलो. अन् हे लिहाची सगळ्यात लाज वाटते, पण मले तवा हायसं वाटलं. बाबाही माझ्यासारखेच आहेत, असं वाटून. आत्या दारातच उभी होती. गाडी पाहून म्हणाली, अगंबाई, आहे का ही अजून, अन् बाबा उतरता उतरता तिले सांगत होते की गाडी ठेवली आम्ही, चांगली चालते. कोणामुळं चालते ते त्यायनं सांगतलं नाही. मीही नाही सांगतलं.